तेरा कप्पे आणि सात तारे

स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यातून चारपाच काळे मिरे काढा आणि तळहातावर घ्या. हे मिरे खाडीच्या चिखलात टाकले आणि सातशे वर्षांनी बाहेर काढले, तर त्यांचं काय झालेलं असेल? माती? काळा लगदा? की काहीच नाही?

उत्तर आपल्याला खरोखरच माहीत आहे, कारण हा प्रयोग घडून गेला आहे. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, फुजियान प्रांतात, च्वानचौ नावाचं जुनं बंदर आहे. शहरापासून दहाएक किलोमीटरवरच्या हौचू बंदराच्या गाळात १९७३ साली एका मोठ्या लाकडी जहाजाचे अवशेष दिसले आणि १९७४ च्या उन्हाळ्यात ते उकरून काढण्यात आलं. पोटात पाचेक लिटर मिरे होते. सातशे वर्षं चिखलात राहूनही ते मिरेच होते! बघताक्षणी ओळखावेत असे.

आणि मिरे ही तर फक्त सुरुवात होती.

१९७४ हे साल चिनी पुरातत्त्वाला भलतंच लाभलं. त्याच वर्षी शीआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीच्या सैनिकांची ती प्रसिद्ध फौज सापडली. साऱ्या जगाचे डोळे तिकडे लागले, ते साहजिकच होतं. पण मला विचाराल तर त्या दोन शोधांत हे जहाज जास्त बोलकं आहे. ती फौज एका सम्राटाच्या मृत्यूसाठी घडवलेली. हे जहाज जिवंत माणसांचं, त्यांच्या कमाईचं, जेवणाखाण्याचं आणि खेळाचंसुद्धा.

आज ते शहराच्याच सागरी संग्रहालयाच्या एका दालनात आहे, आणि हे दालन कुठे आहे? इसवी सन ६८६ मध्ये स्थापन झालेल्या खाययुआन या बौद्ध मंदिराच्या आवारात! समुद्रावरून उचललेल्या जहाजाला देवळाच्या अंगणात जागा मिळाली. तिथेच १९७९ मध्ये हे दालन लोकांसाठी खुलं झालं.

पुढे जाण्याआधी शहराच्या जुन्या नावाशी क्षणभर थांबू. मध्ययुगातले अरब आणि युरोपीय प्रवासी च्वानचौला ‘झैतून’ म्हणत. अरबीत झैतून म्हणजे ऑलिव्ह. पण या नावाचा ऑलिव्हशी काही संबंध नाही. शहराभोवती एका झाडाची लागवड केलेली होती. चिनीत त्याला ‘त्सथुंग’ म्हणतात. परक्या कानांनी ते ऐकलं आणि आपल्या ओळखीच्या शब्दात बसवून टाकलं. आता ते झाड कोणतं? आपला पांगारा! फाल्गुनात पानं गाळून लालभडक पेटतो तोच. आपल्या शेताच्या बांधावर उभा असणाऱ्या झाडाच्या नावानं एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक बंदर ओळखलं जात होतं. आणि झुळझुळीत साटीन? तो शब्दही याच झैतूनवरून आला असं मानलं जातं.

तर, जहाज. पहिला प्रश्न असा की लाकूड इतकी वर्षं टिकलं कसं? याचं उत्तर तुमच्या घरच्या लोणच्याच्या बरणीत आहे. लोणच्यावर तेलाचा थर उभा असला की ते वर्षभर टिकतं, कारण खाली हवा पोचत नाही. खाडीचा गाळ नेमकं तेच करतो. इतका दाट, इतका बारीक की त्यातून प्राणवायू जवळजवळ झिरपतच नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला श्वास मिळत नाही, लाकूड पोखरणाऱ्या समुद्री जीवांनाही नाही. गाळात रुतलेला जहाजाचा खालचा भाग म्हणून वाचला. वरचा भाग, म्हणजे डेक, डोलकाठ्या, शिडं, पाण्यात उघडं राहिलं ते सगळं गेलं.

जे वाचलं ते २४.२ मीटर लांब आणि ९.१५ मीटर रुंद आहे. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा चार मीटर लांब. अभ्यासकांच्या हिशेबानं मूळ जहाज ३४ मीटरच्या आसपास होतं, म्हणजे एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक लावल्या तर होईल तेवढं. तळ सपाट नाही, नांगराच्या फाळासारखा खाली निमुळता होत गेलेला. उत्तर चीनच्या उथळ किनाऱ्यावर सपाट तळाच्या नावा चालत. हा तळ मात्र पाणी कापत खोल समुद्रात जाण्यासाठी घडवलेला, लाटेनं एका अंगावर कललं तरी पाण्यात घट्ट पकड ठेवणारा.

आता आत डोकावू. दालनात जहाजाकडे वरून पाहिलं की पहिल्यांदा काय दिसतं? भिंती! पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या लाकडी भिंतींनी छेदलेलं. बारा आडभिंती, त्यांच्यामुळे तेरा कप्पे. बांबू उभा चिरला की आत पेरापेराला पडदे दिसतात, अगदी तसं.

हे कशासाठी? बर्फाचा ट्रे आठवा. एका खणात पाणी ओतलं तर ते त्याच खणात राहतं. कप्पे नसलेल्या जहाजाला खडक लागला तर एका भोकातून आलेलं पाणी पार शेवटापर्यंत पसरणार आणि जहाज गेलं. इथे भोक पडलं तर बुडणार एक कप्पा. उरलेले बारा कोरडे, आणि त्यांच्या बळावर जहाज तरंगत राहणार.

हे ऐकायला सोपं आहे. करायला नाही. भिंत नुसती उभी करून चालत नाही, ती कडेच्या फळ्यांना इतकी घट्ट बसली पाहिजे की पाण्याचा थेंब पलीकडे जाऊ नये. आणि जहाज तर दिवसरात्र लाटांवर पिळवटत असतं! या सुतारांनी काय केलं? लोखंडाच्या काटकोनी पट्ट्या केल्या, आडभिंत आणि कडेची फळी त्यांनी एकत्र जखडून टाकली. उरलेल्या फटी एका मिश्रणानं बुजवल्या. मिश्रण कशाचं? चुना, तागासारखे धागे आणि तुंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल. चुना आणि तेल खलबत्त्यात एकजीव कुटायचं, त्यात धागा घोळायचा आणि फटीत ठासून भरायचा. तुंग तेलाचा गुण असा की हवा लागली की ते आळून कडक होतं, पाण्याला दाद देत नाही. चुना त्याला अंग देतो, आणि धागा ते सारं तडकू देत नाही. तीन साध्या वस्तू, गावच्या बाजारात मिळणाऱ्या, आणि त्यांच्या भरवशावर शेकडो कोस समुद्र.

आडभिंतींचं आणखी एक काम आहे, ते चटकन लक्षात येत नाही. आंब्याचं रिकामं खोकं हातांनी दाबून पाहा, लगेच चेपतं. त्यात पुठ्ठ्याचे आडवे उभे पडदे घाला आणि मग दाबा. चेपत नाही! एकच भिंत पाणीही अडवते आणि लाटेचा मारही खाते. मला तर या दुहेरी कामाचंच जास्त कौतुक वाटतं.

आडभिंतींत अगदी तळाशी एकेक लहानसं भोक ठेवलेलं आहे. एवढी मेहनत करून भिंत पाणीबंद करायची आणि मग स्वतःच तिला भोक पाडायचं? पण थोडंफार पाणी जहाजात नेहमीच झिरपतं. वरून शिंतोडे येतात, मालाचा ओलावा असतो. ते कप्प्याकप्प्यात साचून माल सडवण्यापेक्षा तळानं वाहत एका जागी यावं आणि तिथून उपसता यावं. आणि संकट आलं तर? भोकात बोळा ठोकायचा, कप्पा बंद.

आता एका कैद्याची गोष्ट. १२९८ साली इटलीतल्या जिनोआच्या तुरुंगात व्हेनिसचा एक व्यापारी सोबतच्या कैद्याला आपल्या प्रवासाच्या हकिकती सांगत होता. त्याचं नाव मार्को पोलो. परतीच्या प्रवासाला १२९२ च्या सुमारास तो याच झैतूनहून निघाला होता. त्यानं जहाजांचं वर्णन करताना सांगितलं की काही मोठ्या जहाजांना आत तेरा कप्पे असतात. तेरा! रात्री जहाजानं उसळलेला फेस पाहून भक्ष्याच्या आशेनं देवमासा धडकतो, फळी फुटते, पण खलाशी तो कप्पा रिकामा करतात, माल दुसऱ्या कप्प्यांत हलवतात, भोक दुरुस्त करतात आणि माल परत जागेवर ठेवतात. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही, असंही तो बजावतो.

पुढे तो म्हणतो की जहाजाला फळ्यांचे दोन थर असतात, ते लोखंडी खिळ्यांनी ठोकलेले असतात, डांबर नसल्यामुळे चुना, ताग आणि झाडाचं तेल कुटून फटी भरतात, आणि वर्षभराच्या प्रवासानंतर जुन्या फळ्या न काढता वरून नवा थर चढवतात.

मार्को पोलोच्या अनेक गोष्टी लोकांना अतिशयोक्ती वाटत आल्या. तो चीनला गेलाच नव्हता, असं म्हणणारेही निघाले. आणि मग चिखलातून हे जहाज बाहेर आलं. फळ्यांचे थर मोजले. तळाला दोन, कडांना तीन! खिळे लोखंडाचे, फटींत चुना, धागा आणि तुंग तेल. आणि कप्पे? मघाशी मोजले तेवढेच. तुरुंगात सांगितलेल्या शब्दांची साक्ष देणारं लाकूड पावणेसात शतकांनी मिळालं.

अनेक थर कशासाठी? उबदार समुद्रात लाकडाचा एक भयंकर वैरी राहतो. दिसतो अळीसारखा, पण आहे कालवं-शिंपल्यांच्या नात्यातला. लहानपणी सुईच्या टोकाएवढं छिद्र पाडून लाकडात शिरतो आणि आतल्या आत पोखरत जातो. फळी बाहेरून धड दिसते, आतून जाळी झालेली असते. बाहेरचा थर म्हणजे अंगावरचा जुना सदरा. तो खराब झाला तर होऊ दे, आतलं अंग वाचलं पाहिजे.

लोखंडी खिळ्यांचं मार्को पोलोला एवढं अप्रूप का वाटलं असेल? कारण त्या काळी अरबी समुद्रातली कितीतरी जहाजं खिळ्यांनी ठोकलेली नसत, काथ्यानं शिवलेली असत. होय, शिवलेली! फळीला भोकं पाडून नारळाच्या सुंभानं टाके घालत. तीही एक अजब विद्या, आपल्या किनाऱ्याच्या पूर्ण ओळखीची. त्यानं आपल्या पुस्तकात ठाण्याचंही वर्णन केलंय, तिथल्या धुपाचं, कातड्याचं, सुती कापडाचं आणि चाच्यांचं.

कप्प्यांची कल्पना युरोपात फार उशिरा रुजली. १७८० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिननं जहाजांना चिनी पद्धतीनं कप्पे करावेत अशी सूचना केली, तेव्हा हे जहाज गाळात जाऊन पाचशे वर्षं झाली होती. टायटॅनिकलाही सोळा कप्पे होते. पण आडभिंती पुरेशा उंच नेलेल्या नव्हत्या. पुढचे कप्पे भरले, नाक खाली गेलं आणि पाणी एका भिंतीवरून दुसऱ्या कप्प्यात सांडत राहिलं. बर्फाचा ट्रे तिरका केल्यावर होतं तेच. फुजियानमध्ये मोजके कारागीर अजून जुन्या पद्धतीनं अशी जहाजं बांधतात. २०१० मध्ये युनेस्कोनं ही विद्या तातडीनं जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घातली.

आता माल! सर्वांत जास्त निघालं ते सुगंधी लाकूड. ओल्या वजनानं २,३०० किलोंहून जास्त. चंदन, अगरू आणि धुपासाठी वापरायचं तांबूस लाका लाकूड. शिवाय अरबी लोबान, अंबर, पारा, हिंगूळ, सुपाऱ्या, कासवाच्या पाठी आणि दोन हजारांवर कवड्या. पुन्हा एकदा यादी वाचा. यातलं अर्धं सामान आपल्या आजीच्या देवघरात आणि पानाच्या डब्यात नव्हतं का? लोबानाची झाडं अरबस्तानात आणि सोमालियात, अंबर देवमाशाच्या पोटातून, मिरे मलबारात आणि जावा-सुमात्र्यात. एकाच जहाजानं हा सगळा मुलूख फिरायची गरज नव्हती. आग्नेय आशियातल्या मोठ्या बंदरांत हा सारा माल येऊन पडायचा, तिथून उचलायचा.

पण माल कुणाचा? इथे संग्रहालयातली मला सर्वांत प्रिय वस्तू येते: लाकडाच्या छोट्या चिठ्ठ्या, एकूण ९६. मालाच्या गाठोड्यांना बांधलेल्या, त्यांच्यावर शाईनं नावं आणि खुणा. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यांवरची अक्षरं आठवतात ना? तीच युक्ती. एका जहाजात अनेकांचा माल, गल्लत होता कामा नये. चू यू नावाच्या लेखकानं १११९ मध्ये लिहून ठेवलंय की जहाजावर व्यापाऱ्यांना थोडीथोडी जागा वाटून मिळे, खाली माल रचून रात्री ते त्यावरच झोपत. डोळ्यांसमोर आणा. अंधारात जहाज करकरतंय, आणि कुणीतरी आपल्या चंदनाच्या ढिगावर कूस बदलतोय.

बऱ्याच चिठ्ठ्यांवर ‘दक्षिणेचं घर’ अशा अर्थाचे शब्द आहेत. अभ्यासकांचा तर्क असा की हा माल तेव्हाच्या सत्ताधारी सुंग राजघराण्याच्या च्वानचौमध्ये राहणाऱ्या शाखेचा. राजाचे भाऊबंद मिऱ्याच्या व्यापारात पैसा गुंतवत होते!

खाणंपिणंही सापडलं. नारळाच्या करवंट्या, लिची, आलुबुखार आणि पीचच्या बिया. कुत्र्याची हाडं, बकऱ्याची हाडं, आणि उंदराची. फुकट प्रवास करणारा उंदीर कुठल्या जहाजावर नसतो? आणि चिनी बुद्धिबळाच्या वीस सोंगट्या. वारा पडला की तासन्तास दुसरं करणार काय!

हे सारं कधीचं, ते सांगितलं एका नाण्यानं. जहाजात ५०४ नाणी मिळाली. बहुतेक जुनी, कारण तांब्याचं नाणं शतकानुशतकं फिरत राही. पण दक्षिण सुंग काळात एक सोयीची पद्धत पडली होती: नाण्याच्या पाठीवर राजवटीचं साल ओतायचं. सर्वांत नव्या नाण्याच्या पाठीवर आकडा होता सात. शियानछुन राजवटीचं सातवं वर्ष, म्हणजे १२७१. जहाज त्याआधी बुडालेलं असूच शकत नाही. तांब्याच्या एका छोट्या चकतीनं इतिहासाच्या पाठीवर तारीख लिहून ठेवली.

आणि त्यानंतर लगेच काय घडलं? कुब्लाई खानाच्या मंगोल फौजा दक्षिणेत उतरल्या. च्वानचौच्या सागरी व्यापाराचा प्रमुख पू शौगंग यानं १२७६ मध्ये सुंगांची बाजू सोडली आणि शहरातल्या राजघराण्याच्या माणसांची कत्तल झाली. दूरदेशीचा माल भरून आलेलं जहाज नेमकं अशा दिवसांत बंदरात पोचलं असावं, आणि ते उतरवून घ्यायला, राखायला कुणी उरलं नसावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. घरापासून दहा किलोमीटरवर येऊन ते थांबलं.

जहाजाच्या दालनातून बाहेर पडून मंदिराच्या मुख्य सभागृहामागे गेलात तर आणखी एक धक्का बसतो. तिथे दगडी खांबांवर नरसिंह आहे. आणि उखळ ओढत दोन अर्जुनवृक्ष पाडणारा बाळकृष्ण! चिनी बौद्ध मंदिरात! इथे राहणाऱ्या तमिळ व्यापाऱ्यांनी शिवाचं देऊळ बांधलं होतं. १२८१ चा तमिळ शिलालेखही याच शहरात मिळाला. देऊळ पडल्यावर त्याचे खांब इथे वापरले गेले. मिरे ज्या वाटेनं आले, त्याच वाटेनं उखळाला बांधलेला कृष्णही आला.

एक गोष्ट मी मागे ठेवली होती. जहाजाचा कणा, म्हणजे तळाचं सगळ्यात जाड लाकूड, एका तुकड्याचा नाही. त्याचे सांधे आहेत. जहाज पुरं झालं की हे सांधे कुणाला दिसत नाहीत, वर फळ्या बसतात, त्यावर माल, त्यावर माणसं. उकरताना ते उघडले तेव्हा लाकडात सात लहान भोकं दिसली आणि खाली एक मोठं. लहान भोकांत नाणी, मोठ्यात काशाचा गोल आरसा. आपण घराच्या पायात नाणं ठेवतो तसंच. फुजियानच्या जहाज बांधणाऱ्यांना ही रीत ठाऊक होती. या भोकांना ते आयुष्य राखणारी भोकं म्हणत. सात नाण्यांची भोकं म्हणजे सप्तर्षी, रात्रीच्या समुद्रात उत्तर दाखवणारे. आणि आरसा म्हणजे चंद्र. जहाज पाण्यात उतरण्याआधीच कुणा सुतारानं त्याच्या पोटाखाली, लाकडाच्या अंधारात, एक आख्खं आकाश बसवून ठेवलं होतं.